सख्ख्या बहिणीची घोडी

भालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरगावातल्या घरी तांदूळ निवडत होते. धाकट्या भावाने आधी जायचं, ही काय रीत झाली? ओक्साबोक्शी रडले. पण नंतर डिलाईल रोडला त्याच्या चाळीत शोकसभा झाली, तिथे मात्र डोळ्यांतलं पाणी आटलं. तट्टू पैदास करणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष माईकवरून सांगत होते, "डॉक्टरांनी सख्ख्या बहिणीची घोडी नापास केली! असा निःस्पृह माणूस पुन्हा होणे नाही." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! आणि ती सख्खी बहीण, म्हणजे मी, दुसऱ्या रांगेत बसले होते...

भालू जनावरांचा डॉक्टर. भीमथडी तट्टं तपासून अस्सल जातीची तेवढी नोंदवायची, असं संघटनेने ठरवलं आणि तीन तपासणीस नेमले. त्यातल्या दोघांच्या स्वतःच्याच दावणीला घोडे. एकमेकांची शिंगरं ते डोळे मिटून पास करायचे. आताचे अध्यक्ष त्या दोघांतलेच एक, बरं का! भालूकडे घोडा नव्हता, पण बहीण होती. नेरळला आमची छोटीशी पागा होती. तपासणीस झाल्यापासून त्याने पैदास करणाऱ्यांच्या घरचा चहा सोडला, आणि त्यात मीही आले. भाऊबीजेला यायचा, पाटावर बसून ओवाळून घ्यायचा आणि पिशवीतून थर्मास काढून आपला चहा प्यायचा. "मेल्या, बहीण काय लाच देतेय तुला?" म्हटलं की नुसता हसायचा.

चांदणी आमची सगळ्यात देखणी घोडी. तिची नोंद झाली नाही तर तिच्या शिंगरांना गिऱ्हाईक नाही, म्हणजे पागाच बुडाली. मी म्हटलं, "भालू, तू नको येऊस, दुसऱ्याला पाठव." तर म्हणाला, "ते दोघे? त्यांना तुमची पागा बंद झालेलीच हवीय." मग स्वतःच आला. चांदणीला चालवलं, पळवलं, पाय उचलून पाहिले आणि माझ्याकडे न बघता नापास करून गेला. चांदणी माथेरानला पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरू लागली. ह्यांनी पागा मोडली. भालूचं नाव मात्र चहूकडे झालं. तेव्हापासून मनात पाल चुकचुकायची... घोडीत खोट होती, की ह्याला नाव हवं होतं?

मागच्या भाऊबीजेला आला तो तपासणीसपद सोडून. थर्मास ओट्यावर ठेवला, रिकामाच. "ताई, चहा टाक गो." चहा टाकता टाकता मी विचारलंच, "खरं सांग, काय होतं चांदणीत?"

"मागचा डावा पाय किंचित आत पडायचा."

"किंचितच ना?"

"दुसऱ्या कुणाची असती तर सोडून दिलं असतं."

"मग माझीच बरी धरलीस!"

"तुझ्या घोडीकडे सगळे बघत होते गो..."

असा राग आला! आणि तशा रागातही मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. दोन कप प्यायला. जाताना थर्मास विसरला... की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे.

परवा त्याच अध्यक्षांचा फोन आला. डॉक्टरांचा थर्मास कचेरीत काचेच्या कपाटात ठेवायचाय म्हणे, सचोटीची आठवण म्हणून. म्हटलं, "न्या की! फक्त त्याआधी माथेरानला चांदणीला पुन्हा तपासायला एक माणूस पाठवा. ज्याच्या दावणीला घोडा नाही आणि जिच्या घोडीवर नाव कमवावं अशी बहीणही नाही, असा."

"बघतो," म्हणाले. थर्मास अजून माझ्याच फळीवर आहे.