लिफ्टबाहेर काढलेली चप्पल

तारामावशींचं नाव आधी लिहिते. इथल्याच चांदे गावच्या तारामावशी. शाळेच्या बसवर मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करतात. नांदेडकडून मी इथं आले तेव्हा राहायला खोली त्यांनी दिली, शाळेत हाउसकीपिंगला त्यांनीच लावलं. आणि सगळा हॉल हसत होता तेव्हा ओरडल्या त्याही त्याच.

भूगावजवळची मोठी शाळा. मोठ्या मुलांनी गाण्यांचं नाटक बसवलेलं. एका ऑफिसातली गंमत. स्टेजवर टेबलं, कॉम्प्युटर, लिफ्टचं दार. नाचत नाचत सफाईवाली आली. अकरावीतला मुलगा, अंगात माझा युनिफॉर्म. माझाच. नाटकाला हवा म्हणाले म्हणून मीच धुऊन, इस्त्री करून दिलेला. लिफ्टपाशी त्यानं चप्पल काढली, दाराबाहेर नीट जोडून ठेवली, हात जोडून आत गेला. परत आला तर चप्पल गायब. मग अनवाणी सगळ्या ऑफिसभर फिरला. "थँक्यू सर, थँक्यू मॅडम." लोक हसून हसून लोळले.

ती मी होते. कामाच्या पहिल्या दिवशी मी लिफ्टबाहेर चप्पल काढली होती. एवढी चकचकीत जागा, पाय कसा ठेवायचा? हे फक्त एका मुलीला सांगितलं होतं. नाटकातली बॉस ती. आठवडाभर माझ्यामागं फिरत होती, "दीदी, अजून सांगा ना." सातवीत शाळा सुटली माझी. शाळेतल्या मुलीनं शेजारी बसून विचारावं, याचंच मला केवढं अप्रूप. हसत हसत सगळं सांगितलं. नाटकाला मला पुढं खुर्ची दिली, त्याचं थँक्यूही म्हटलं.

नाटक संपलं. बसवणाऱ्या मॅडम माइकवर म्हणाल्या, "आमची खरी दीदी! या, वर या."

न जाऊन कसं चालेल? काम जाईल. गेले. स्टेजच्या पायरीशी पोचले आणि पायांनी आपोआप चप्पल सोडली.

हॉलमध्ये पुन्हा हशा फुटला. मघापेक्षा जोरात. कुणीतरी ओरडलं, "रिअल आहे यार, रिअल!" मॅडम म्हणाल्या, "तशाच या, अनवाणी. फोटो मस्त येईल."

आमच्या गावात आई मालकांच्या दारावरनं जाताना चप्पल हातात घ्यायची. लहानपणी वाटायचं, झिजू नये म्हणून. त्या पायरीशी कळलं, माझे पाय हे कुठं शिकले.

कामाच्या बाया मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातनं मावशींचा आवाज आला, "आगं ए पोरी, घाल ती चप्पल! देऊळ हाय का हितं? घाल!"

घातली. वर गेले. मी थँक्यू म्हणेन म्हणून माइक पुढं धरला होता. मी त्या मुलीकडं बघून म्हणाले, "हे मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं." मग त्या मुलाकडं हात केला. "कपडे माझे आहेत. परत द्या."

कुणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. माइक बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं कागद पुढं केला. टाइप करूनच आणलेला. ताराबाईनं फूस लावली म्हणून मी गोंधळ घातला, असं त्यात.

"सही कर. तुझं काम राहतंय. तिचं काय, ती इथलीच. तुझं कोण आहे इथं?"

खरं होतं. कुणी नाही. पेन खाली ठेवलं. "नाही करणार, सर." सवयीनं थँक्यू तोंडापर्यंत आलं. गिळलं.

माझं काम गेलं. मावशींना बसवरून उतरवलं, चौकशी होईपर्यंत घरी. मी रडत बसले तर म्हणाल्या, "रडतीस काय? तुजा डरेस घालून ते पोरगं पोट बिघडल्यागत नाचत व्हतं, ते आठव की." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

हिंजवडीत तीन ठिकाणी विचारून आले. आधी कुठं होतीस, विचारतात. शाळेत फोन करतात. मग जागा नसते.

काल सुपरवायझरचा फोन आला. "कागद अजून ठेवलाय. दोघी कशाला बुडता?"

सोमवारी चौकशी आहे. मला बोलावलेलं नाही, तरी जाणार. ऐकून घेतील असं वाटत नाही. पण मावशी तिथं एकट्या उभ्या राहणार नाहीत, आणि त्या कागदावर माझं नाव कधी येणार नाही. मावशी, आज माझ्याकडं एवढंच आहे. बाकीचं मी फेडीन. कधी, ते सांगता येत नाही. पण फेडीन.