बुरुजातलं पान

दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात दिवाळीचा किल्ला व्हायचा तो गंगेच्या गाळाचा. मी जन्मले काशीत, तोवर डोंगरी गड पाहिलाच नव्हता. पण किल्ल्यांतलं माझ्याइतकं कळणारं माणूस पृथ्वीवर नाही, असं अकराव्या वर्षी माझं ठाम मत होतं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि गल्लीतल्या पोरांवर माझं राज्य होतं.

वडील तीर्थोपाध्याय. देशावरचे यजमान आमच्याकडे उतरत आणि वडिलांच्या वह्यांत आपल्या घराण्याची नावं स्वतःच्या हातानं लिहून जात. अशाच एका जुन्या वहीत मला साताऱ्याकडच्या एका पडक्या गडाची हकीकत सापडली. कुणा यजमानानं नावांखाली सगळं लिहून ठेवलेलं: दोन दरवाजे, पाण्याचं खांबटाकं, वीज पडून फुटलेला बुरूज, शेवटी तोफांनी पाडलेला तट. वडिलांनी मला हौसेनं मोडी शिकवली होती. त्याचे पांग मी असे फेडले, की ते पान अलगद फाडून घेतलं.

किल्ला हुबेहूब झाला. बुरूज तेवढा उभा राहीना. मग त्याच पानाची सुरळी आत घातली नि वर गाळ थापला. पोरांना ठोकून दिलं, "आमचे पूर्वज इथले किल्लेदार!"

"दीदी, तू तो रानी है," शेजारची मुलगी म्हणाली. राणीनं नाही म्हटलं नाही.

आठवड्यानं, पाडव्याला, एक म्हातारे यजमान आले. किल्ल्यापाशी थबकले, उकिडवे बसले.

"पोरी, हा तर आमच्याकडचा गड! हा दरवाजा तुला कुणी सांगितला? माझ्या जन्माआधी पडला तो. आता वर नुसतं गवत आहे गं."

"आमच्या घराण्यातच आहे ते!" काय ती जीभ!

वडिलांनी वहीचं बासन सोडलं.

"गुरुजी, आमच्या पणजोबांच्या हातचं पान आहे ना? त्यांच्या वरची नावं आता घरात कुणाला येत नाहीत. उद्या त्या नावांनी पाणी सोडावं म्हणून आलोय."

वडील पानं उलटत राहिले. पुढं, मागं, पुन्हा पुढं. शेवटी "वाळवी" एवढंच म्हणाले आणि यजमानापुढे मान खाली घातली. मी त्यांना कुणापुढे मान खाली घालताना कधी पाहिलं नव्हतं. दाराआड उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. गल्लीभर तोंड चालवणाऱ्या राणीला तेवढं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या यजमानांनी "ज्यांची नावं ठाऊक नाहीत ते सगळे" म्हणून घाटावर पाणी सोडलं. निघताना किल्ल्याला हात जोडले. ते गेल्यावर मी बुरूज फोडला. सुरळीचा लगदा झालेला, शाई गाळात उतरलेली. घमेल्यात भरून तो गंगेत सोडला.

वडील त्यानंतर जन्मभर वह्यांत कडुलिंबाचा पाला ठेवत राहिले. दर पावसाळ्यानंतर नवा.

नातवंडं आता गडाची गोष्ट मागतात. दरवाजे, टाकं, वीज, तोफा, सगळं घडाघडा सांगते.

"पण आजी, तिथं राहायचं कोण?"

पानावर सगळ्यात वर पाच-सहा नावं होती. मला ती कंटाळवाणी वाटली होती. वाचलीच नाहीत.