मडगार्डाची उत्तरपूजा

तुकोजी वाबळे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते जमिनीपासून साधारण दोन मजले उंचावर होते आणि थेट माझ्या चहावर चालून येत होते. ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या टपरीवर मी नुकताच पेला ओठाला लावला होता. समोरून एक हिरवी, उघडी, जुनी जीप आली. टायर एवढे अजस्र, की त्यांच्या सावलीत एखादं लग्न लागलं असतं. वर बसलेल्या गृहस्थांच्या मिशा दोन्हीकडच्या दुकानांच्या पाट्या पुसत येत होत्या.

"सरका! ही उजवीकडे वळत नाही!"

बाकडं सरकलं, टपरीवाला सरकला, एक गाय सरकली, रेल्वे स्टेशनही बोटभर सरकलं असावं. मी मात्र "अगं आई गं!" एवढंच म्हणालो आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा जीपचा बंपर माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर होता आणि वरून आवाज येत होता, "मराठी वाटतं? वा! चहा माझ्याकडून."

तुकोजींनी एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली. निवृत्त होताना शिट्टी परत केली, आवाज ठेवून घेतला. राहायला माधवगंजात. वाबळ्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले आणि इथे उतरले. पुढे घोडा गेला, पण घोड्याची पूजा राहिली. दसऱ्याला सकाळी दारातल्या वाहनाला गंध, अक्षता, झेंडूची माळ. मग घरच्या लक्ष्मीला बाजूला बसवून शहराची सीमा ओलांडायची आणि शमीला नमस्कार करून परतायचं. तुकोजींच्या वडिलांनी हे सायकलवर केलं, आईला मागच्या कॅरियरवर बसवून. तुकोजींनी पंचवीस वर्षं स्कूटरवर केलं. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता पुरे, आणि जीप घेतली.

इथवर सगळं ठीक होतं. पण घोडेस्वाराची बैठक उंच हवी, असं म्हणत त्यांच्या रक्ताने उचल खाल्ली. त्यांनी खालच्या स्प्रिंगांच्या कमानी बदलून जीप वीतभर उचलली आणि ट्रॅक्टरला लाजवतील असे टायर चढवले. जीपला त्याच दिवशी दोन रोग जडले. एक, खड्डा आला की स्टेअरिंग आपल्या मनाने फिरायचं. दुसरा, उजवीकडे वळताना डाव्या टायरची मागची कड मडगार्डमध्ये रुतायची. जळक्या रबराचा वास सुटायचा आणि चाक अडायचं.

तुकोजींनी रोग मान्य केला नाही, भूगोल बदलला. तीनदा डावीकडे वळलं की एकदा उजवीकडे वळल्यासारखं होतं, हा शोध त्यांनी लावला आणि पाळला. टोपी बाजारातून पाव किलो सुपारी आणायला ते निघाले, की वाटेत निम्म्या लश्कर भागाला रामराम घडायचा.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. मांडीवर पूजेचं ताट घेऊन त्यांच्या पत्नी सुमनताई बाजूला बसल्या होत्या. एक खड्डा आला. जीपने स्वतःच निर्णय घेतला आणि ती झेंडूवाल्याच्या ठेल्यात शिरली. लागलं कुणालाच नाही. सुमनताई पाच किलो झेंडूंतून बाहेर आल्या, केसांतलं एक फूल काढून ताटात ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, ही नीट उजवीकडे वळेपर्यंत मी हिच्यात बसायची नाही." आणि चालत घरी गेल्या.

हे मला सांगताना तुकोजींचा आवाज पहिल्यांदाच माणसाएवढा झाला. "पंत, बाजूची जागा रिकामी ठेवून सीमा ओलांडली मी. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं." यंदाच्या दसऱ्याला तेव्हा सहा दिवस उरले होते.

आम्ही दोघे सूर्याजी मिस्त्रीच्या गॅरेजात गेलो. सूर्याजी तुकोजींचाच विद्यार्थी. शाळेत असताना त्याने मैदानाच्या इतक्या फेऱ्या मारल्या होत्या, की सरळ धावला असता तर झाशीला पोहोचला असता. तो जीपखाली शिरला. खालून आवाज आला, "सर, ही गाडी कुणी उचलली?"

"मी."

"मग उठाबशा काढा!"

तुकोजी गुरगुरले. सूर्याजी हसत बाहेर आला. "देखो सर, गाडी वर गेली, पण स्टेअरिंगचा हा दांडा तिथेच राहिला. तिरपा झाला. म्हणून चाक उसळलं की दांडा ढकलतो आणि स्टेअरिंग खुदच फिरतं. ज्या लोखंडी हाताला हा दांडा लटकलाय, तो हात लंबा लावू. दांडा सपाट झाला की खेळ खतम!"

दोन दिवसांत तो हात बसला. आम्ही खड्डे शोधत निघालो. ग्वाल्हेरात खड्डा शोधावा लागत नाही, पण आम्ही उत्साहाने निवडून घेतले. धाड! स्टेअरिंग गप्प. धाड! तरी गप्प! तुकोजींनी दोन्ही हात सोडून मिशांना पीळ दिला. मी देवाचं नाव घेतलं.

राहिलं उजवं वळण. सूर्याजीने चाक किती वळावं हे ठरवणारा बोल्ट थोडा बाहेर काढला. टायर घासायचा थांबला, पण जीप आता मालगाडीसारखी वळू लागली. माधवगंजातली एक गल्ली तिला तीनदा मागेपुढे करून काढावी लागली. सूर्याजीने बोल्ट परत आत घेतला आणि म्हणाला, "सर, दोनच रस्ते. टायर छोटे करा, नाहीतर मडगार्डचा हा मागचा कोपरा कापा."

"टायर उतरवायचे नाहीत."

"मग कापतो."

"खबरदार! पूजा केलीय त्याची. ज्याला अक्षता लागल्या त्याला करवत लागत नाही. वाबळ्यांचा नेम आहे."

"सर, घोड्याला नव्हते का नाल ठोकत?"

"ठोकत. कान नव्हते कापत!"

दसरा दोन दिवसांवर आला. गुरू-शिष्य जीपच्या दोन बाजूंना पाठ करून बसलेले. तेवढ्यात डबा घेऊन सुमनताई आल्या. वाद ऐकला, डबा बोनेटवर ठेवला.

"गणपतीचीही आपण पूजा करतो ना? मग पाण्यात कसा सोडतो?"

"उत्तरपूजा करून," तुकोजी म्हणाले.

"मग करा की मडगार्डाची."

तुकोजींचे डोळे चमकले. ते माझ्याकडे वळले. "पंत!"

आमच्या घराण्यातली भिक्षुकी तीन पिढ्यांपूर्वीच संपली होती; मला गणपतीपुरतं येत होतं, तेवढं म्हणालो. तुकोजींनी बूट काढून मडगार्डावर अक्षता टाकल्या आणि ते जरासं हलवलं. सुमनताईंनी डब्यातलं दही हातावर दिलं. मी "पुनरागमनाय च" म्हटलं तसा सूर्याजी ग्राइंडर घेऊन ओरडला, "ते नका म्हणू, पंतकाका! कोपरा परत आला तर पुन्हा घासेल!" आणि ठिणग्या उडाल्या. तुकोजी पाठ फिरवून सावधान उभे होते.

दसऱ्याला सकाळी अख्खी गल्ली दारात. सुमनताई जरीची निळी साडी नेसून आल्या. त्यांनी स्टुलावर पाय ठेवला, मग पायरीवर, आणि बसल्या! डाव्या बाजूच्या त्या जागेवर बसल्या! तुकोजींनी इंजिन चालू केलं. गल्लीच्या तोंडाशी जीप आली. त्यांनी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं, आणखी फिरवलं, पार शेवटपर्यंत फिरवलं. वास नाही, आवाज नाही. जीप लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली! आम्ही ओरडलो. सूर्याजीने शिट्टी मारली. तुकोजी एका हाताने डोळे पुसत आणि दुसऱ्याने हॉर्न वाजवत निघाले. मागे मी स्कूटरवर, माझ्या मागे सूर्याजी.

शहराच्या सीमेवर पाइपलाइनसाठी रस्ता खणला होता आणि तिथे चिखल होता. जीप थाटात त्यातून गेली. मडगार्डचा कापलेला कोपरा चिखल अडवायला असतो, हे तेव्हा कळलं. सीमा ओलांडली. सुमनताईंनी चिखलाने भरलेल्या हातांनी शमीला नमस्कार केला, आणि परत त्या ऑटोने आल्या.

नोव्हेंबरात तुकोजींनी जीप विकली.