जाईचा निळसर कान

त्या हिवाळ्यात माझा देवावरचा विश्वास जवळजवळ सुटला होता. माझी लेक जाई तेव्हा सहा वर्षांची. भातकापणीनंतर तिच्या डाव्या कानाची पाळी सुजली, तांबूस-निळी पडली आणि दीड महिना तशीच राहिली. दुखत नव्हती, म्हणून लोक जास्तच घाबरले. महारोग असाच कानापासून सुरू होतो, असं कुणीतरी बोललं. भांडलं कुणीच नाही. फक्त माझा हंडा भरून होईपर्यंत बायका विहिरीपासून लांब थांबू लागल्या. शाळेत जाईला दाराशी वेगळं बसवलं. तिचे बाबा भिवंडीला कापडाच्या मागावर कामाला, महिन्यातून एकदा येत. शेजारीच राहणाऱ्या जाऊबाईंनीही आपल्या मुलींना आमच्या ओटीवर पाठवणं बंद केलं. मुरबाडच्या डॉक्टरने दिलेल्या मलमाने काही फरक पडला नाही.

म्हसा गावच्या जत्रेला मी जाईला घेऊन नवस बोलायला गेले. पण रांगेतली माणसं बघून धीर झाला नाही. तिचा कान पदराने झाकून बैलबाजाराच्या कडेला बसले. मनात एवढंच आलं, देवा, आता माझ्याच्याने होत नाही, तूच बघ.

शेजारी एक म्हातारे बाबा आपल्या गाईच्या अंगावरच्या गोचिडी काढत होते. वाऱ्याने पदर सरकला तसं त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी हात धोतराला पुसले आणि जाईचा कान दोन बोटांत धरून पाहिला. इतक्या दिवसांत माझ्याशिवाय तिला असा कुणी हात लावला नव्हता.

"हिला गोचीड लागलेली का गो?"

मला आठवलं. "गणपतीच्या आसपास. कानामागनं ओढून काढलेली मी."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"नाय. कुणी इचारलंच नाय."

"मंग आधी तेच सांग."

शहापूरला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंना मी आधी तेच सांगितलं. त्यांनी पाळीचा बारीक तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. महारोग नव्हता. गोचीड चावल्याने होणारा लाइम नावाचा आजार निघाला. आपल्याकडे तो क्वचितच होतो, आणि मुलांच्या कानावर अशी गाठ येणं तर फारच दुर्मीळ. त्यांनीही ती पुस्तकातच पाहिली होती. काही आठवडे औषध चाललं. होळीपर्यंत कान पहिल्यासारखा झाला.

बायका पुन्हा बोलू लागल्या, मीही बोलले. कुणी याला योगायोग म्हणतं, मी वाद घालत नाही. त्या दिवशी माझा नवस बोलायचा राहूनच गेला, मी फक्त हात टेकले होते. देवाने आजार बरा करण्याआधी माझ्या लेकीला माणसाचा स्पर्श दिला. मी त्याचे उपकारही त्याच क्रमाने मानते.