पाण्यात झाडलेल्या तीन गोळ्या

मी निघालो त्या सकाळी माझे वडील, आबा, खाडीच्या कट्ट्यावर बसले होते. पनवेलला नेणारी रिक्षा उभी होती, पण त्यांचा प्रश्न संपत नव्हता. सैन्यातून निवृत्त झालेला मुलगा बोटीवर चाललाय आणि मासे धरणार नाही, हे त्यांना पटेना. मी म्हटलं, पहारा करायचा, चाचे येतात का बघायचं.

"नुसतं बगायचा पगार देतान?" ते हसले. "मंग मना पन लाव."

सैन्यातली पंधरा वर्षं, मग तळोज्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर वर्षभर गाड्यांना सलाम, मग खासगी सुरक्षा कंपनीचा कोर्स आणि जहाज. खाडीकाठच्या तुमच्यापैकी जे जहाजावर गेले त्यांना ही वाट ठाऊक आहे. जे मागे राहिले त्यांना आम्ही ती कधी नीट सांगितली नाही.

मालवाहू जहाजावर आम्ही चौघे बंदूकवाले असायचो. कठड्याला काटेरी तार, आणि डेकवर बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून केलेली बुजगावणी, लांबून माणसं वाटावीत अशी. त्यांना आम्ही आपापल्या गावातल्या लोकांची नावं दिली होती. पहारा संपला की मी वाचत पडायचो. काही दिवसांनी पाणी आणि आकाश यांतली रेघ पुसली जाई. आपण कुठेच जात नाही, समुद्रच खालून हळूहळू मागे सरकतोय, असं वाटत राही.

ओमानच्या किनाऱ्यापासून दूर, अशाच एका धुरकट दुपारी दोन लहान होड्या थेट आमच्याकडे धावत आल्या. काय करायचं ते पाठ होतं. आधी इशाऱ्याचा पेटता फ्लेअर, मग बंदूक उंच धरून दाखवायची, मग पाण्यात गोळी. होड्यांतली माणसं उभी राहून हात हलवत होती, थांबत नव्हती. मी त्यांच्या पुढच्या पाण्यात तीन गोळ्या झाडल्या. माणसं होडीत आडवी झाली. जहाज तसंच पुढे गेलं. मग बाजूने पांढरे प्लास्टिकचे डबे वाहत गेले आणि एकाला जाळ्याचा तुकडा लोंबत होता.

ते लुटायला आलेच नव्हते. आमच्या जाळ्यावरून जहाज नेऊ नका, एवढंच सांगायला धावत होते. लहानपणी खाडीत जाळ्यांवर मालाची बार्ज आली की मीही आबांच्या होडीत उभा राहून असेच हात हलवले होते. तरी मी ओळखलं नाही. अहवालात संशयित होड्या परतवल्याची नोंद झाली, मला शाबासकी मिळाली, पुढच्या फेरीला मी टीम लीडर झालो.

बंदरात पोचल्यावर आबांना फोन करून सगळं सांगितलं.

"मानूस नाय ना गेला?"

"नाही."

"आनि त्यांचं जालं?"

"गेलं."

त्यांनी फोन आईकडे दिला. त्यानंतर प्रत्येक वेळी ते तसंच करायचे. मला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं, निदान एक शिवी. सुट्टीत समोर बसून मागायची ठरवली होती. पण दोन जहाजांच्या मधले दिवस आम्ही भर समुद्रात नांगरलेल्या एका बोटीवर काढतो, जिथे बंदुका आणि माणसं दोन्ही पुढच्या कामाची वाट बघत ठेवलेली असतात. तिथे असताना आबा गेले. बदली माणूस यायला इतके दिवस लागले की मी दहाव्यालाही पोचलो नाही.

आई आता माझ्याजवळ, नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहते. मी परतल्यावर महिन्याभराने तिने एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. त्यात अर्धं विणलेलं जाळं आणि बांबूची सुई होती. आबांनी मासेमारी सोडून कितीतरी वर्षं झाली होती.

"तुज्या त्या फोनपासून तुजा बापूस जालं विनीत बसायचा," ती म्हणाली. "कोनाचं जालं म्हून इचारलं, तर म्हनायचा, ज्याचं तुटलं त्याचं."

कंपनीचे फोन येतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. दुपारी गॅलरीत बसून आबांनी सोडलं तिथून पुढे विणतो. हे पुरं झालं तर कुठे पोचवायचं, ते मला नि आईला, दोघांनाही माहीत नाही. घर कुठे म्हणून कुणी विचारलं तर मी पूर्वी पटकन पत्ता सांगायचो. आता माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे: आई माझी प्रत्येक गाठ ओढून बघते, ढिली निघाली की सोडवते, आणि सुई परत माझ्या हातात देते.