पुंजाजीच्या मळ्यातला कोबी

पिंपळगाव राजा या गावच्या पुंजाजी माळ्याने एका उन्हाळ्यात अडून बसलेल्या बैलाला रागाच्या भरात काठीने मारलं. बैल उठलाच नाही. तीन दिवस पुंजाजी त्याच्या तोंडाशी पाण्याची बादली धरून बसला. चौथ्या दिवशी बैल गेला, आणि त्याच पावसाळ्यात पुंजाजीने महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. मग पायाखाली मुंगी येईल म्हणून तो खाली बघत चालू लागला.

त्याच्या बायकोला, झुंबरबाईला, याचं काही वाटलं नाही. वाटलं ते कोबीच्या वर्षी.

वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या कारभाराला जोडलेलं होतं. झुंबरबाईचा भाऊ इंद्रभान खामगावात एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. पोळ्याला येताना त्याने चिमूटभर कोबीचं बी आणलं. गावात कोबी कुणी लावलेला नव्हता. झुंबरबाईची लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला जळगाव जामोदहून माहेरी येणार होती. मामाकडे एकदा खाल्लेल्या कोबीची चव अजून तिच्या जिभेवर होती. झुंबरबाईने विहिरीजवळ चाळीस रोपं लावली आणि रोज सकाळी हंड्याने पाणी घातलं.

दिवाळी झाली आणि पानांना बारीक भोकं पडू लागली. पान उलटलं की खाली हिरव्या अळ्या. पुंजाजी टोपलीत पानं अंथरून एकेक अळी अलगद उचलायचा आणि नाल्यापलीकडे रुईच्या झुडपांत सोडून यायचा. झुंबरबाई चुलीतली राख भुरभुरायची. दवाने राख ओली होऊन गळून जायची. दुसऱ्या दिवशी अळ्या तितक्याच.

इंद्रभानने तंबाखू उकळून ते पाणी शिंपडायला सांगितलं. पुंजाजी नाही म्हणाला. अळ्या फुलपाखरांपासून होतात, फुलपाखरं अडवू, असं म्हणून त्याने झुंबरबाईचं जुनं विरलेलं लुगडं मागितलं आणि काड्या रोवून वाफ्यावर ताणलं. तिला ते पटलं. आठ दिवसांनी लुगडं काढलं तेव्हा बहुतेक रोपांवर पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. अंडी आधीच पानांवर होती, आणि लुगड्यामुळे अळ्या टिपणाऱ्या चिमण्यांनाही आत येता आलं नव्हतं. दहा-बारा गड्डे तेवढे धरल्यासारखे दिसत होते.

पुंजाजी पोथी ऐकायला शेजारच्या गावी गेला, त्या दिवशी झुंबरबाईने तंबाखू उकळला. संध्याकाळी तो परतला तेव्हा वाफ्यात मेलेल्या अळ्या पडल्या होत्या. तो हातपाय धुऊन ओसरीवर बसला आणि वाढलेल्या ताटाला त्याने हात लावला नाही.

"त्याईले जीव होता," तो शेवटी म्हणाला.

"हाव, होता," झुंबरबाई म्हणाली. "मले बी आहे. दोन महिने म्या हंडे वाह्यले. तुमाले अळी दिसते, मी काऊन दिसत नाही?"

तो दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. मग तिनेच डोळे पुसले आणि पुन्हा तंबाखू उकळणार नाही असं त्याला सांगितलं.

कोकिळा आली तेव्हा झुंबरबाईने त्यातल्या त्यात धड दिसणारा एक गड्डा कापला. विळीवर चिरला तर आत देठापर्यंत हिरवी घाण होती आणि मधोमध एक अळी जिवंत होती. तंबाखूचं पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. "राहू दे माय, मले आता तेवढं मन नाही," कोकिळा म्हणाली. पुंजाजीने तो चिरलेला गड्डा अळीसकट उचलला आणि नाल्याकडे नेला. झुंबरबाई विळी धरून तशीच बसून राहिली.

पुढच्या पोळ्याला इंद्रभानने पुन्हा बी आणलं. "तू लाव," पुंजाजी तिला म्हणाला. "काय करायचं ते कर. मी तिकडे फिरकत नाही."

तो खरंच फिरकला नसता, हे तिला माहीत होतं. आणि जेवलाही नसता. तिने बी भावाला परत दिलं आणि विहिरीजवळ कांदा लावला.