खोपट्यात वाचायचं पुस्तक

कोंग्सबर्ग गावात सिग्रून संध्याकाळच्या वर्गात ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे आपापलं काम जाणणारे 'ऑब्जेक्ट' जोडून प्रोग्रॅम लिहिणं, शिकवायची. विद्यार्थी सगळे दिवसभर राबून आलेले, डोळ्यांत झोप, पण जिद्द दांडगी. मागल्या वर्षी तिने त्यांच्यासाठी एक जाडजूड, गुळगुळीत, रंगीत पुस्तक निवडलं आणि मेच्या परीक्षेत अर्ध्याहून जास्त वर्ग आपटला.

विभागप्रमुख अस्लाकने सांगून टाकलं, "पुढल्या वर्षीही हेच झालं तर वर्ग बंद, सिग्रून. माझा नाइलाज आहे."

चूक तिला उशिरा कळली. परीक्षेच्या तोंडावर ईस्टरची सुट्टी, आणि ईस्टरला अख्खा देश डोंगरातल्या बिनविजेच्या लाकडी खोपट्यांत. तिथे कॉम्प्युटर नेणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं! पुस्तकाच्या पानापानावर मात्र 'हा प्रोग्रॅम चालवून बघा'. सुट्टी संपली की माणसं कोरी पाटी घेऊन परतायची. वर्षानुवर्षं स्वतःही त्याच डोंगरात जाणाऱ्या बाईला हे सुचू नये? तिला स्वतःचाच संताप आला.

उन्हाळ्यात तीन नवी पुस्तकं घेऊन ती नवऱ्याबरोबर खोपट्यात गेली. पहिली दोन कॉम्प्युटरशिवाय मुकी. तिसरं बारकं, साध्या रेघांच्या चित्रांचं. ते तिने मुद्दाम नवऱ्याच्या, आयविंदच्या हातात दिलं. कॉम्प्युटर म्हटलं की याच्या कपाळाला आठ्या. पण तो वाचतच राहिला.

"अगं, यातलं 'ऑब्जेक्ट' म्हणजे तर आपली शेगडीच की! आपण फक्त 'खोली गरम कर' म्हणायचं. आत काय कसं जाळायचं, ते तिचं ती बघते."

"हेच ते!" सिग्रून ओरडलीच.

सुट्टीनंतर ते पुस्तक बघून अस्लाकने मात्र नाक मुरडलं. "एवढंसं? कॉफीचा कप झाकायला घेतलंस का? चालवून बघायला एक ओळ नाही यात!"

"म्हणूनच घेतलंय."

कॉम्प्युटरवरचा सराव तिने वर्गातच करून घेतला. ईस्टरला निघताना प्रत्येकाच्या पिशवीत ते पुस्तक कोंबलं आणि पंधरवडाभर तिच्या जिवात जीव नव्हता.

सुट्टीनंतर बेकरीतली गुडवेग पहिली आली. ओशाळून म्हणाली, "रागावू नकोस हं. संत्र्याचा रस सांडला पुस्तकावर."

दुसऱ्याच्या पुस्तकावर मेणबत्तीचं मेण, तिसऱ्याच्या पुस्तकाला धुराचा वास. "माझं सासूने पळवलं होतं, हिसकावून घ्यावं लागलं," मागून कुणीतरी कुरकुरलं. गेल्या वर्षी पुस्तकं कशी नव्यासारखी कोरीकरकरीत परत आली होती, ते सिग्रूनला आठवलं. तिचे डोळे भरून आले.

मेमध्ये अख्खा वर्ग पास झाला. एकूण एक! सिग्रूनचे पाय जमिनीवर ठरेनात.

अस्लाक कॉफीचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आला. "हरलो बाई मी. वर्ग चालू राहील. बघू दे तरी ते पुस्तक."

परीक्षेनंतर जमा झालेल्या पुस्तकांतली गुडवेगची प्रत तिने पुढे केली. तो पानं उलटू लागला आणि मध्येच अडला.

"हे पान चिकटलंय की."

"संत्रं आहे ते. हळूच सोडव. परीक्षेत त्याच पानावरचं आलं होतं."